बुधवारची कढई

मराठी घरात आठवड्याचे वार सात असले, तरी सामिष स्वयंपाकाचे वार तीनच. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातूनही एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र वजा करत गेले, की महिनाअखेरीस नोकरदाराच्या खात्यात उरते तेवढीच शिल्लक हाती लागते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ही वजाबाकी जरा जास्तच दिसते, एवढेच.

या तिघांपैकी रविवारची काळजी कुणी करू नये. सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभे राहणे, खोबरे-कांदा भाजणे, वाटण वाटणे, दुपारी भाकरीबरोबर रस्सा ओरपणे आणि मग ताणून देणे, हा सोहळा आहे आणि तो तसाच राहावा. प्रश्न असतो तो बुधवारचा. बुधवार हा कामाचा दिवस. माणसे घरी येतात तेव्हा सात वाजून गेलेले असतात, भूक असते, हातापायांत त्राण नसते, आणि मुलांचा एकच सवाल असतो: आज काय?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात बुधवारला आणखी एक वजन आहे. इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे इतरांची शनिवारची संध्याकाळ ती इथली बुधवारची संध्याकाळ. सुट्टीच्या दिवशी निवांत मटण करावे, तर अनेक घरांत गुरुवार पाळलेला! त्यामुळे जे काही करायचे ते बुधवारी रात्री, दमून आल्यावर.

हा पट्टा कसा वाढला हे ठाऊक असलेल्यांना यातली ओढाताण कळेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे मोटारींचे मोठे कारखाने चाकणला आले आणि पूर्वी कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे ते गाव रात्रपाळीच्या दिव्यांनी उजळले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, पार उत्तर प्रदेश-बिहारपासून माणसे आली. कुणी मोशीला राहिले, कुणी चऱ्होलीला, कुणी थेट आळंदीत खोली घेतली. पहिल्या पिढीत नवरा कारखान्यात आणि बायको घरी, असा बहुतेकांचा संसार होता. आज पुष्कळ घरांत दोघेही घड्याळाला बांधलेले. त्याची दुसरी पाळी, तिची जनरल. दोन पगारांनी घराचे हप्ते फिटतात, पण रात्रीचा स्वयंपाक कुणी करायचा, या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या पाकिटातून येत नाही.

ते उत्तर मग रस्त्यावरून येते. संध्याकाळी या भागातल्या कुठल्याही चौकात उभे राहा. चायनीजच्या गाड्या, वडापाव, पाणीपुरी, रोल, बिर्याणीचे पार्सल. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. दहा तास उभे राहून आलेल्या बाईने पार्सल आणले, तर तो आळस नव्हे, थकवा आहे. पण रोजच्या पार्सलात तेल आणि मीठ भरपूर आणि भाजी नावापुरती, हेही खरेच. शिवाय पार्सल ज्याच्या त्याच्या सवडीने उघडले जाते. एक टीव्हीपुढे, एक मोबाईलपुढे, एक उभ्या उभ्या.

म्हणूनच मला एका कढईत होणारा सामिष स्वयंपाक महत्त्वाचा वाटतो. मांस, भाज्या आणि भात, तिन्ही एकाच भांड्यात, पाऊण तासात. कुणी म्हणेल, हे साहेबांचे खूळ, आपल्याकडे मटणात भाजी घालतात का? घालतात, आणि कधीपासून घालतात! देशावर सुकट-वांगे आहे. कोकणात कोलंबीत शेवग्याच्या शेंगा पडतात. खिमा-मटार तर घरोघरी होतो. मराठवाड्यात दालच्यात दुधी असतो. पुण्या-मुंबईच्या पारशी मंडळींच्या धानसाकात डाळी, लाल भोपळा, वांगे, मेथी आणि मटण एकत्र नांदतात. मांस महाग आणि माणसे फार, अशा घरांनी शोधून काढलेली ही युक्ती आहे. थोड्या मांसाची चव पातेलेभर पसरवायची आणि पोट भाजी-डाळीने भरायचे. आजचे आहारतज्ज्ञ वेगळे काय सांगतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचाही आग्रह असाच, की ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांनी भरलेला असावा. आजीबाईंनी पैशाच्या टंचाईतून जे केले, ते आता प्रकृतीसाठी करायचे.

पण माझ्या दृष्टीने या कढईचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. तो आहे वाटपाचा.

रविवारच्या मटणाच्या पातेल्यात एक न लिहिलेला तक्ता असतो. नळी कुणाची, कलेजी कुणाची, पहिला हात कुणाचा, हे सगळे ठरलेले. कर्त्या पुरुषाला चार फोडी, मुलांना तीन-तीन, पाहुणा असला तर त्याला आग्रहाने आणखी दोन. सगळ्यांचे झाल्यावर घरातली बाई पान वाढून घेते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, एखादा बटाटा असतो आणि फार तर मानेचे एखादे हाड. ती म्हणते, ‘मला रस्साच आवडतो.’ आपणही ते खरे मानतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि त्यावर डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. कढई हे काही औषध नव्हे. पण मांसातले लोह शरीराला सहज लागते, आणि तेच मांस भाजीतले लोह शोषून घ्यायलाही मदत करते, हे सिद्ध झालेले आहे. असे अन्न ज्या पानात सगळ्यांत आधी पोचायला हवे, त्यात ते सगळ्यांत शेवटी पोचते.

खिमा मात्र मोजता येत नाही. कढईतल्या भातात तो मिसळला, की फोडी निवडण्याचा प्रश्नच मिटतो. पहिल्या डावात जे येते तेच शेवटच्या डावात येते. भाजी नको म्हणणाऱ्या पोरालाही गाजर बाजूला सारताना चमच्यात खिम्याबरोबर आणखी दोन मटार येतातच. म्हणून बुधवारसाठी मी खिम्याची शिफारस करतो.

आता कृती. चौघांसाठी तीनशे ग्रॅम खिमा पुरे. कोंबडीचा घेतला तर लवकर शिजतो, बोकडाचा घेतला तर दहा-बारा मिनिटे जादा धरावीत. खिमा समोर करून घ्यावा आणि त्याच संध्याकाळी शिजवावा, कारण बारीक केलेले मांस अखंड तुकड्यांपेक्षा लवकर बिघडते. भाज्या मिळून अर्धा किलो: दोन गाजरे, मूठभर फरसबी, फ्लॉवरचे चार तुरे, वाटीभर मटार आणि मेथीची अर्धी जुडी. शिवाय दोन कांदे, दोन टोमॅटो, आले-लसूण, दीड वाटी तांदूळ.

घरात आल्याबरोबर, चपला काढल्या काढल्या, तांदूळ धुऊन भिजत घालावेत. मग हातपाय धुऊन भाज्या चिराव्यात. गाजर, फरसबी, फ्लॉवर सारख्या आकाराचे बारीक, म्हणजे सगळे एका वेळी शिजते. भाजी आधी आणि खिमा नंतर हाताळावा, म्हणजे कच्च्या मांसाचा हात भाजीला लागत नाही. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या कढईत मोजून दोन मोठे चमचे तेल घ्यावे. मोजून म्हणतो, कारण बाटलीतून अंदाजाने ओतलेले तेल नेहमी जास्तच पडते. जिरे, तमालपत्र, मग कांदा. तो तांबूस झाला की आले-लसूण, आणि मग मोठ्या आचेवर खिमा. उलथन्याने गोळे फोडावेत, पण सारखे ढवळू नये. खिम्याला सुटलेले पाणी आटून तो कढईच्या तळाला किंचित धरू लागला, की समजावे की चव उतरली. इथे घाई केली तर खिमा उकडल्यासारखा लागतो. ही सात-आठ मिनिटे वाचवू नयेत.

मग हळद, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, टोमॅटो. मसाल्यात मीठ असतेच, तेव्हा वरचे मीठ बेताने. टोमॅटो मऊ झाले की मेथी सोडून सगळ्या भाज्या आणि निथळलेले तांदूळ घालून एकदा हलवावे आणि अडीच वाट्या गरम पाणी ओतावे. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी वर चिरलेली मेथी पसरावी, पुन्हा झाकावे. पाच मिनिटांनी गॅस बंद. आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये. तेवढ्यात पाने, पाणी आणि काकडीची कोशिंबीर होते. वाढताना लिंबू पिळावे. ते केवळ चवीसाठी नव्हे, लिंबातले क जीवनसत्त्वही भाजीतल्या लोहाला हात देते. भाज्यांचे पाणी कुठेच फेकलेले नसल्याने त्यातले सत्त्वही कढईतच राहते.

खिम्याऐवजी बोकडाचे तुकडेच हवे असतील, तर कढईऐवजी कुकर घ्यावा. बंद भांड्यात वाफ कोंडून हाडे मऊ करण्याची युक्ती डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवली होती. आपल्याकडे घरगुती कुकर तयार होऊ लागला १९५९ साली. वाफेच्या दाबाने आतले तापमान १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून मटण लवकर शिजते. मात्र भाज्या पहिल्यापासून घातल्या तर त्यांचा लगदा होतो. आधी मटणाच्या शिट्ट्या, मग झाकण उघडून भाज्या-तांदूळ आणि पुन्हा दोन शिट्ट्या, हा क्रम चुकवू नये.

आळंदीच्या वाचकांना वाटेल, हे आमच्यासाठी नव्हे. माउलींच्या गावात माळ घातलेली घरे पुष्कळ, आणि खोली भाड्याने देताना मटण-मासे शिजवायचे नाहीत, अशी काही घरमालकांची अटही असते. ती पाळलीच पाहिजे. पण कढईचे गणित तेच राहते. खिम्याच्या जागी मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले मसूर घालावेत, माळकऱ्यांचे कांदा-लसणाचे पथ्य असेल तर आले-जिऱ्यावर भागवावे. बाकी क्रम हाच, वेळही हाच. आणि रात्रीचे जेवण ही क्षुल्लक गोष्ट आहे असे तर आळंदीत कुणी म्हणूच नये. मांडे भाजायला मुक्ताबाईला गावात खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले, ही कथा इथलीच. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण बहिणीची चूल अडली तेव्हा त्याने ग्रंथ बाजूला ठेवून पाठ पुढे केली, अशीच आठवण लोकांनी जपली आहे.

म्हणून शेवटी एक सूचना, ती या पट्ट्यातल्या पुरुष मंडळींसाठी. कारखान्यात तुम्ही हत्यारे जागच्या जागी मांडता, कामाचा क्रम भिंतीवर लावता, वेळ वाचवण्याच्या कल्पना सुचवून कायझेनची बक्षिसे घरी आणता. मग वरच्या कृतीत असे काय आहे जे तुम्हाला जमणार नाही? क्रम ठरलेला, मापे ठरलेली, वेळ ठरलेली. निवृत्तीनंतर आमच्या घरी बुधवार माझ्याकडे आला. पहिल्या महिन्यात सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून लक्ष ठेवत असे, आता ती त्या वेळात वर्तमानपत्र वाचते आणि जेवायला माझ्याबरोबरच बसते. नोकरीतल्या माणसाला रोज जमणार नाही, मान्य. पहिली पाळी असेल त्या आठवड्यातला बुधवार तर जमेल? नऊच्या आत सगळ्यांची पाने मांडली जातील, सगळ्यांना सारखे मिळेल, आणि घासायला फार तर एक कढई उरेल. तीही घासून टाका. उद्या गुरुवार आहे, सुट्टीच आहे.