गृहनिर्माण संस्थेचा कारभार आणि सभासदाचा सहभाग : पनवेल परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ७२ अन्वये संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेच्या ठायी आहे. दैनंदिन कारभार मात्र निवडलेली समिती पाहते. आदर्श उपविधींनुसार तिने महिन्यातून किमान एकदा भरावयाचे असते. सर्वसाधारण सभा भरते ती बहुधा वर्षातून एकदाच. उद्वाहन कोणाकडून दुरुस्त करून घ्यावे, पाण्याच्या टँकरचे देयक किती असावे, थकबाकीदाराशी कसे वागावे, हे प्रश्न उरलेल्या काळात उपस्थित होतात आणि तेथेच सुटतात. अंतिम सत्ताधारी अनुपस्थित असताना निर्णय व्हावयाचे, असा हा पेच होय.

पनवेलमध्ये तो विशेष तीव्र आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती आखल्या, आणि भाडेपट्ट्याच्या भूखंडांवर सहकारी संस्था उभ्या राहिल्या. २०१६ साली या वसाहती जुन्या नगरपरिषदेच्या क्षेत्रासह महानगरपालिकेत आल्या. येथील अनेक गाळेधारक हार्बर मार्गाने मुंबईस कामाला जातात आणि रात्री उशिरा परततात. काहींनी गाळा भाड्याने देऊन अन्यत्र बिऱ्हाड केले आहे. भाडेकरूला मत नाही. ज्याला मत आहे, त्याला जिन्यातील अंधार सोसावा लागत नाही.

या अनुपस्थितीचे परिणाम गणपूर्तीच्या नियमांत स्पष्ट दिसतात. आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. शंभर गाळ्यांच्या संस्थेत वीसजण पुरतात. तेवढेही अर्ध्या तासात न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग आठदहा माणसे वर्षाचे हिशेब संमत करू शकतात. याउलट, कलम ७६ खाली एकपंचमांश सभासदांनी मागणी करून बोलावलेल्या विशेष सभेस गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब न होता विसर्जित होते. म्हणजे तीच अल्प उपस्थिती समितीचे काम पुढे नेते, आणि तक्रारदार सभासदांचे काम मोडते. नियमाला कारण आहे: निरर्थक मागण्यांनी संस्था वेठीस धरली जाऊ नये. परंतु उपस्थिती हीच दुर्मीळ असेल, तेथे हा भार एकाच पारड्यात पडतो, हे नाकारता येत नाही.

समितीच्या बैठकीत सामान्य सभासदाला बोलावे की नाही, याविषयी कॅलिफोर्नियाचा दाखला उद्बोधक आहे. तेथील १९८५ च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याच्या चौकटीत घरमालकाला संचालक मंडळाच्या खुल्या बैठकीस हजर राहता येते, आणि वाजवी कालमर्यादेत बोलताही येते. खाजगी बाबींसाठी मंडळ वेगळे बसते. आपल्या अधिनियमाने असे द्वार सरसकट उघडलेले नाही. त्याने कागद उघडला आहे. कलम ३२ अन्वये समितीचे इतिवृत्त विनामूल्य पाहण्याचा हक्क सभासदाला मिळालेला आहे.

मात्र कागद पाहावयाचा, तर तो आधी नीट लिहिलेला हवा. ‘चर्चा होऊन ठराव संमत’ एवढ्या नोंदीतून तीन दरपत्रकांपैकी महागडे का स्वीकारले, हे कळत नाही. बैठकीच्या प्रारंभी सभासदांच्या लेखी प्रश्नांना पंधरा मिनिटे देऊन प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तात घेतल्यास, गैरहजर गाळेधारकालाही त्याचा उपयोग होतो. कारभार खोळंबण्याची भीती येथे फारशी संभवत नाही; कारण मत समितीचेच राहते.

पुनर्विकासाच्या बाबतीत शासनाने अधिक कडक मार्ग धरला. ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांनी विकासक निवडीच्या सभेला निबंधकाच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण आवश्यक ठरविले. घरच पाडावयाचे असताना चिटणिसाच्या लेखणीवर विसंबणे शासनाला पुरेसे वाटले नाही.