फवारणीचा दुहेरी पट्टा

सोयाबीनमध्ये तणनाशक मारून आठवडा होतो न होतो तोच एकाआड एक ओळ पिवळी पडलेली दिसावी, असा प्रसंग गेल्या खरिपात आमच्यावर आला. प्रथम आम्ही औषधच भेसळीचे ठरविले. परंतु तसे असते तर सर्वच ओळी सारख्या करपल्या असत्या. बांधावरून ओळी मोजीत गेलो तेव्हा उलगडा झाला. गड्याच्या फवाऱ्याचा पट्टा तीन ओळींचा होता, आणि फेरा पालटताना तो दोनच ओळी सरकत होता. तिसरी, पाचवी, सातवी अशा ओळींस औषध दोनदा मिळाले.

खर्चाचा हिशेबही तसाच होतो. दर फेऱ्यास तीन ओळींचे औषध पडते व काम दोन ओळींचेच होते. तेव्हा जेथे आठ पंप पुरावेत तेथे बारा लागतात. औषध पंपागणिक मोजून घातलेले असल्याने पाण्याबरोबर तेही दीडपट जाते.

गड्यास बोल लावून मात्र उपयोग नाही. सुटलेल्या ओळीतले तण धन्यास लांबूनही दिसते, दुबार भिजलेली ओळ दिसत नाही. मग तो बिचारा दुबारच भिजविणार! पंख्यासारखी फवार देणाऱ्या नोझलची कड विरळ असते, म्हणून शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या बसाव्यात हे खरे. पण ते कडेपुरतेच. अख्ख्या ओळीवर नव्हे. नोझलची उंचीही सारखी राखावी. हात वर गेला की पट्टा रुंदावतो. नळी डावीउजवीकडे हलवीत चालणे तर तणनाशकास मुळीच योग्य नाही.

परीक्षेचा सोपा मार्ग असा. मोजणीच्या कागदांत आमचे आयुष्य गेले, त्यामुळे गुंठाच प्रथम आठवतो: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, आणि असे ४० मिळून एकर. एकरी २०० लिटर पाणी योजिले असेल तर गुंठ्यास ५ लिटर येते. धुतलेल्या पंपात १६ लिटर निव्वळ पाणी भरून गड्यास नेहमीच्या चालीने एक गुंठा मारावयास सांगावे. पंपात ११ लिटर उरले पाहिजे. बरेच कमी उरल्यास चाल मंद आहे किंवा पट्टे एकमेकांवर चढतात. ओळी मोजल्या की यांपैकी कोणते ते कळते. पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी मारावयाचे असेल तर ओळी दिसत नाहीत. तेव्हा दोन्ही धुऱ्यांवर पट्ट्याच्या रुंदीइतक्या अंतराने खुंट्या ठोकाव्यात.

धुऱ्याशी वळताना पुष्कळजण चाप दाबलेलाच ठेवतात. धुऱ्याचा आडवा पट्टा आधी मारून घ्यावा, आणि पुढे प्रत्येक फेऱ्यास त्या पट्ट्याशी येताच चाप सोडावा. पाचरीसारख्या निमुळत्या शेतात फेरे लांब बांधास धरून मारावेत. आखूड ओळी शेवटी घ्याव्यात, व तेथेही मारलेल्या भागाशी चाप सुटला पाहिजे.

राहता राहिला शेवटचा पंप. तीन गुंठे उरले असता पुरा पंप कालवितात आणि उरलेले ‘फुकट कशाला घालवावे’ म्हणून त्याच पिकावर पुन्हा मारतात. आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात हेच झाले होते. तीन गुंठ्यांस १५ लिटर पुरते, दोन गुंठ्यांस १०. औषधही त्याच मानाने मोजून तेवढेच कालवावे.