निर्दोष सुटलेल्याच्या तुरुंगवासाचा हिशेब

नवी दिल्ली : एखाद्या आरोपीला ३ वर्षांची कैद सुनावली गेली आणि खटल्याच्या काळात त्याने २ वर्षे तुरुंगात काढलेली असली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ नुसार ती २ वर्षे शिक्षेतून वजा होतात. त्याच तुरुंगात तितकाच काळ काढून जो निर्दोष सुटतो, त्याच्याबाबतीत मात्र वजा करण्यासारखे काही नसते. त्या दिवसांची भरपाई आपोआप मिळवून देणारी तरतूदही कायद्यात नाही. ती मागावी लागते.

येथे एक गल्लत सर्रास होते. निर्दोष मुक्तता झाली म्हणजे अटक बेकायदा ठरली, असे नाही. तक्रारीवरून वाजवी संशय निर्माण झाला आणि पुढे पुरावा अपुरा पडला, तरी मूळ अटक कायदेशीर राहू शकते. अटकेची कारणे न सांगणे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर न करणे, या गोष्टी मात्र थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा भंग करतात. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आवश्यक का होती, याची कारणे पोलिसांनी नोंदवलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. भरपाई मागणाऱ्याने आपल्या अटकेत नेमके काय चुकले, हे आधी याच कसोट्यांवर तपासायला हवे.

मूलभूत हक्काचा उघड भंग झाला असेल, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली किंवा सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली याचिका करता येते. या वाटेची सुरुवात बिहारमधील रुदुल साह प्रकरणाने झाली. सत्र न्यायालयाने १९६८ मध्ये निर्दोष ठरवूनही ते १९८२ पर्यंत तुरुंगातच होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये त्यांना एकूण ३५ हजार रुपये अंतरिम भरपाई देवविली. चौदा वर्षांच्या मानाने ही रक्कम किरकोळच. पण हक्कभंगासाठी सरकारला पैसे मोजावे लागतात, हे तत्त्व तेथे रुजले. कोठडीतील मृत्यूसंबंधी नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, अशा याचिकेत सार्वभौम सत्तेच्या संरक्षणाचा बचाव सरकारला घेता येत नाही.

रकमेचे मात्र ठरलेले कोष्टक नाही. इस्रोचे माजी शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. सीबीआयने आरोप निराधार असल्याचा अहवाल १९९६ मध्ये दिला, तर ५० लाख रुपयांच्या भरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१८ मध्ये आला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील एका प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांची फाशीच्या शिक्षेतून निर्दोष मुक्तता करताना याच न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये देण्यास सांगितले. यांपैकी तिघांची फाशी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली होती, हे येथे नमूद करायला हवे.

तथ्ये वादग्रस्त असतील आणि साक्षीपुरावा लागणार असेल, तर दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. त्यातील मोठा अडथळा मुदतीचा आहे. बेकायदा स्थानबद्धतेसाठी कैद संपल्यापासून आणि द्वेषमूलक खटल्यासाठी निर्दोष मुक्ततेपासून केवळ १ वर्षात दावा दाखल करावा लागतो. सरकारविरुद्धच्या दाव्यापूर्वी साधारणपणे २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. द्वेषमूलक खटल्याच्या दाव्यात वाजवी कारण नव्हते आणि हेतू वाईट होता, हे दोन्ही सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच असतो. नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्ये विनाकारण अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडून भरपाई देवविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. तिची कमाल मर्यादा १ हजार रुपये! १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, हा आकडा बदलला नाही.

खटला चालू असताना तुरुंगात असलेल्यांसाठी कलम ४७९ महत्त्वाचे आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ कोठडीत गेला, तर कच्च्या कैद्याची जामिनावर सुटका व्हावी, असे ते सांगते. यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी ही अट एक तृतीयांश काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे.

दोषी ठरलेल्याच्या कुटुंबानेही निकालपत्रातील दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक कलमांखालील शिक्षा एकाच वेळी भोगायच्या की एकामागून एक, यावर ३ आणि ३ वर्षांची बेरीज ३ होते की ६, हे ठरते. दुसरे, जन्मठेप म्हणजे १४ वर्षे नव्हेत. ती आयुष्यभराची शिक्षा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ विनायक गोडसे प्रकरणात सांगितले. फाशीही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर सरकारला सूट देण्यापूर्वी किमान १४ वर्षे जावी लागतात. सुटकेचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालये आणि कायदेशीर चौकट सुचवली होती. ती चौकट नव्या संहितेत आलेली नाही.