नर्सिंग होम सुधारणा कायदा, १९८७

नर्सिंग होम सुधारणा कायदा हा अमेरिकेतील निवासी शुश्रूषागृहांमधील काळजीची गुणवत्ता आणि रहिवाशांची सुरक्षितता यांविषयीचा संघराज्यीय कायदा आहे. १९८७ च्या एका व्यापक अर्थसंकल्पीय कायद्याचा भाग म्हणून अमेरिकन काँग्रेसने तो संमत केला व २२ डिसेंबर १९८७ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्या मूळ कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘ओब्रा ८७’ या नावानेही ओळखला जातो. मेडिकेअर किंवा मेडिकेड या शासकीय योजनांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला तो लागू आहे, आणि देशातील सुमारे पंधरा हजार नर्सिंग होमपैकी जवळजवळ सर्वच हे पैसे घेतात.

इमारत, उपकरणे व कागदपत्रे तपासून थांबण्याऐवजी रहिवाशाची प्रत्यक्ष अवस्था तपासावी, हा या कायद्याचा गाभा होय. मात्र ती अवस्था ज्यांच्या हातांवर अवलंबून असते, त्या परिचारिका आणि साहाय्यक किती असावेत, हा प्रश्न कायद्याने बव्हंशी मोकळा सोडला. त्यानंतरच्या बहुतेक वादांचे मूळ या मोकळ्या जागेत आहे.

संज्ञा

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे सामान्यतः लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमातील व्याख्याही आजारी, जखमी वा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेची आहे आणि तीत प्रसूतिगृहाचा स्पष्ट समावेश आहे. अमेरिकेत मात्र या शब्दाने दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्याच्या अखेरपर्यंत, राहण्याची जागा सूचित होते. तेथील व्यक्तीला कायदा ‘रुग्ण’ न म्हणता ‘रहिवासी’ म्हणतो. महाराष्ट्रातील वृद्धाश्रम आणि रुग्णालय यांच्या मधली अशी ही संस्था आहे.

पार्श्वभूमी

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना साहाय्य सुरू केले, परंतु सार्वजनिक अनाथालयांत व दरिद्रीगृहांत राहणाऱ्यांना ते नाकारले. परिणामी हातात थोडे पैसे असलेली वृद्ध माणसे खासगी घरगुती निवासांकडे वळली आणि त्यांतूनच नर्सिंग होमचा व्यवसाय वाढला. नियमन मागून, रखडत आले. नोव्हेंबर १९६३ मध्ये ओहायो राज्यातील फिचव्हिलजवळच्या एका नर्सिंग होमला लागलेल्या आगीत ६३ रहिवासी मृत्युमुखी पडले. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड सुरू झाल्यावर शासन हाच या व्यवसायाचा सर्वांत मोठा ग्राहक बनला. त्यासाठी मानके ठरली, पण बहुसंख्य संस्था ती पूर्ण करू शकत नसल्याने सवलती देत काम चालवले गेले. सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने सत्तरच्या दशकात या विषयावर प्रदीर्घ सुनावण्या घेतल्या आणि नर्सिंग होमची दुरवस्था हे सार्वजनिक धोरणाचे अपयश असल्याचे म्हटले.

या काळातील तपासणीची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. संस्थेकडे आहारतज्ज्ञाशी करार आहे का, औषधांचे कपाट कुलूपबंद आहे का, लेखी धोरणे आहेत का, हे निरीक्षक पाहत. जेवणाचे ताट रहिवाशासमोर आल्यावर त्याला भरवायला कोणी होते का, हे पाहण्याची सोय त्या नमुन्यात नव्हती. कॉलोराडोतील रहिवाशांनी १९७५ मध्ये दाखल केलेल्या सामूहिक दाव्यात नेमका हाच मुद्दा होता. ‘स्मिथ विरुद्ध हेकलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९८४ मध्ये अपील न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. संस्था चांगली काळजी देऊ शकते का एवढे जाणून पुरेसे नाही, ती प्रत्यक्षात देते का हे जाणून घेणे शासनाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

दरम्यान रेगन प्रशासनाने नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याला एवढा विरोध झाला, की अखेर संपूर्ण विषय इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे अभ्यासासाठी सोपवावा लागला. समितीचे अध्यक्ष डॉ. सिडनी कॅट्झ होते. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा क्रियांवरून माणसाचे स्वावलंबन मोजण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली होती. एल्मा होल्डर यांनी स्थापन केलेल्या नागरिक संघटनेने त्याच सुमारास साडेचारशेहून अधिक रहिवाशांशी चर्चा करून चांगली काळजी म्हणजे काय, हे त्यांनाच विचारले. समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यातील बहुतांश शिफारशी कायद्यात उतरल्या.

तरतुदी

प्रत्येक रहिवाशाला त्याच्या बाबतीत शक्य असलेली उच्चतम शारीरिक, मानसिक व मनोसामाजिक सुस्थिती गाठता यावी किंवा टिकवता यावी अशी सेवा देणे, हे कायद्याने संस्थेचे कर्तव्य ठरवले. व्यवहारात याचा अर्थ फार कडक होतो. चालत आलेली व्यक्ती सहा महिन्यांत अंथरुणाला खिळली, किंवा धडधाकट त्वचेने आलेल्या व्यक्तीला शय्याव्रण झाले, तर ती घसरण आजारामुळे अटळ होती हे संस्थेला दाखवावे लागते. ‘वयच झाले’ हे उत्तर पुरत नाही.

यासाठी दाखल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत रहिवाशाचे सर्वांगीण मूल्यमापन, दर तीन महिन्यांनी त्याचा आढावा आणि त्यावर आधारलेला वैयक्तिक काळजी आराखडा बंधनकारक झाला. मूल्यमापनाचा नमुना देशभर एकच असून त्याला ‘मिनिमम डेटा सेट’ म्हणतात. साहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, चोवीस तास परवानाधारक परिचारिका आणि आठवड्याचे सातही दिवस रोज सलग आठ तास नोंदणीकृत परिचारिका, अशी मनुष्यबळाची किमान अट घातली गेली. तपासणी पूर्वसूचना न देता आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर न ठेवता करावयाची असते. तपासणीची तारीख संस्थेला आधी कळवणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. बहुतेक तरतुदी १ ऑक्टोबर १९९० पासून, तर दंड, नव्या दाखल्यांसाठीचे पैसे रोखणे अशा कारवाईचे नियम १ जुलै १९९५ पासून अमलात आले.

बंधने आणि औषधे

कायद्याचा सर्वांत ठळक परिणाम रहिवाशांना बांधून ठेवण्याच्या प्रथेवर झाला. कमरपट्टे, छातीभोवतीचे पट्टे, खुर्चीला अडकवलेले आणि स्वतः काढता न येणारे तबक ही साधने पूर्वी सर्रास वापरली जात. रहिवासी पडू नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाई आणि कुटुंबीयांनाही ते पटे. प्रत्यक्षात बांधलेल्या माणसाचे स्नायू झडतात, सांधे आखडतात, एकाच जागी दाब येऊन शय्याव्रण होतात. सुटण्याच्या धडपडीत गळफास बसून मृत्यूही झाले. पडल्याने होणाऱ्या गंभीर दुखापती मात्र बंधनांमुळे कमी होत नाहीत, असे अभ्यासांत दिसून आले. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बंधने वापरण्यास कायद्याने मनाई केली. १९९१ मध्ये वीस टक्क्यांहून अधिक रहिवाशांवर बंधने वापरली जात होती, ते प्रमाण २००७ पर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास आले आणि पुढेही घटत राहिले.

पट्टे गेले, पण काही ठिकाणी त्यांची जागा गोळ्यांनी घेतली. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची अस्वस्थता शमवण्यासाठी मनोविकारविरोधी औषधे दिली जात. अशा वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. तरीही २०११ च्या अखेरीस दीर्घकालीन रहिवाशांपैकी सुमारे २४ टक्के ही औषधे घेत होते. २०१२ पासून शासनाने हा आकडा प्रत्येक संस्थेसाठी जाहीर करण्यास प्रारंभ केल्यावर तो घटू लागला. स्किझोफ्रेनिया असलेल्या रहिवाशांना मात्र या मोजणीतून वगळले जाई आणि यथावकाश नर्सिंग होममध्ये स्किझोफ्रेनियाची निदाने वाढलेली आढळली. हा आजार उतारवयात प्रथमच उद्भवणे विरळ असल्याने जानेवारी २०२३ पासून या निदानांची स्वतंत्र पडताळणी सुरू झाली. मोजमाप ज्याचे व्हायचे तोच आकडे भरणार असेल तर काय घडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मनुष्यबळाचा प्रश्न

आठ तासांची परिचारिका ही अट पन्नास खाटांच्या संस्थेला जेवढी, तेवढीच दोनशे खाटांच्या संस्थेलाही लागू होती. याखेरीज कायद्यात ‘पुरेसे’ मनुष्यबळ एवढाच शब्द होता. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस नियमितपणे बदलणे, घाईत न भरवणे, शौचासाठी हाक आल्यावर वेळेत पोहोचणे ही कामे यंत्राने होत नाहीत. एका साहाय्यकाकडे पंधरा-वीस रहिवासी असतील तर उत्तम आराखडाही फायलीतच राहतो. शासनासाठी झालेल्या २००१ च्या अभ्यासाने दर रहिवाशामागे दिवसाला सुमारे ४.१ तास परिचर्या मिळाल्यास टाळता येण्याजोग्या हानीचा धोका घटतो, असा निष्कर्ष काढला होता.

डिसेंबर २००८ पासून संस्थांना एक ते पाच तारे देणारी जाहीर मानांकन पद्धत सुरू झाली. तीतील मनुष्यबळाची माहिती प्रारंभी संस्था स्वतःच देत. २०१६ पासून ती वेतनपत्रकांवरून घेतली जाऊ लागली, तेव्हा शनिवार-रविवारी कर्मचारी लक्षणीय कमी असतात, हे आकड्यांनिशी स्पष्ट झाले. कुटुंबीयांना ही गोष्ट नवी नव्हती.

कोविड-१९ च्या साथीत या उणिवांची किंमत दिसली. संघराज्याच्या लेखापरीक्षण संस्थेने मे २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०१३ ते २०१७ या काळात तपासलेल्या नर्सिंग होमपैकी ८२ टक्के संस्थांत संसर्ग-नियंत्रणातील त्रुटी किमान एकदा नोंदल्या गेल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ पर्यंत दीर्घकालीन काळजी देणाऱ्या संस्थांतील दोन लाखांहून अधिक रहिवासी व कर्मचारी या साथीत दगावले. मार्च २०२० पासून नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या. भरवणे, केस विंचरणे, अंगावरचे वळ वेळीच पाहणे अशी किती कामे हे नातेवाईक विनामूल्य करत होते, ते त्यानंतर ध्यानात आले.

मे २०२४ मध्ये शासनाने प्रथमच आकडा निश्चित केला. दर रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तास परिचर्या, त्यात किमान ०.५५ तास नोंदणीकृत परिचारिकेचे व २.४५ तास साहाय्यकांचे, आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका. विशेषतः ग्रामीण भागात एवढ्या परिचारिका मिळत नाहीत आणि वाढीव खर्च मेडिकेडच्या दरांत भागत नाही, असे संस्थाचालकांचे म्हणणे होते. वेतन व कामाची परिस्थिती न सुधारता माणसे मिळणार नाहीत, असे कर्मचारी संघटना सांगत होत्या. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघराज्यीय न्यायालयाने या नियमाचा मुख्य भाग रद्द केला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्याची अंमलबजावणी ३० सप्टेंबर २०३४ पर्यंत रोखली. त्यामुळे संघराज्य पातळीवर १९८७ मधील ‘पुरेसे’ हा शब्द आणि परिचारिकेचे आठ तास हीच अट राहिली. काही राज्यांनी मात्र आपापल्या कायद्यांत तासांची स्वतंत्र किमान मर्यादा घातली आहे.