जुन्या सायकलीची खरी किंमत

जबलपूर शहराच्या उत्तर भागात, दमोह नाका आणि आधारताल यांच्या परिसरात, गोहलपूर ही दाट आणि मुख्यतः कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना, १९६९ मध्ये स्थापन झालेली व्हेइकल फॅक्टरी, १९६४ पासूनचे आधारतालचे कृषी विद्यापीठ आणि रिछाईची औद्योगिक वसाहत या साऱ्यांमुळे जबलपूर हे कामाच्या पाळ्यांवर चालणारे शहर झाले. गोहलपुरातून यांपैकी अनेक ठिकाणी जायचे तर अंतर साधारण सायकलच्या टप्प्यातले आहे, कारण ताशी बारा ते पंधरा किलोमीटर या संथ वेगानेही पाच किलोमीटरचा पल्ला वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येतो आणि त्यासाठी पेट्रोलचा किंवा रिक्षाभाड्याचा खर्च येत नाही. रोज असे अंतर कापणाऱ्या माणसासाठी जुनी सायकल हा उत्तम पर्याय ठरू शकतो. मात्र त्यासाठी केवळ विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीकडे न पाहता, ती सायकल रोज कामावर नेण्याजोगी करण्यासाठी एकूण किती पैसे लागतील याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

या हिशेबाचे मूळ सायकलच्या रचनेत आहे. सायकलचे भाग दोन प्रकारचे असतात: चेन, टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, पेडल यांसारखे झिजणारे भाग स्वस्तात बदलता येतात, तर फ्रेम म्हणजे नळ्यांचा सांगाडा, पुढचे चाक धरणारा चिमटा आणि दोन्ही चाके हे भाग बिघडलेले निघाले तर दुरुस्तीचा खर्च सायकलच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून जुनी सायकल घेणारा माणूस वस्तुतः फ्रेम, चिमटा आणि चाके विकत घेत असतो, आणि चकचकीत रंग, नवी सीट किंवा नवे हँडल-ग्रिप पाहून दिलेले जादा पैसे बहुधा वाया जातात.

फ्रेमची परीक्षा समोरच्या जोडापासून सुरू करावी. सायकलला समोरून धडक बसली असेल तर हँडलच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी रंग तडकलेला दिसतो किंवा बोट फिरवल्यावर बारीक सुरकुती हाताला लागते, आणि अशी सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी साधा दोरा पुरतो: मागच्या चाकाच्या आसाजवळ एका बाजूस दोरा बांधून, तो हँडलच्या नळीला पुढून वळसा घालून, दुसऱ्या बाजूने पुन्हा मागच्या आसापर्यंत ताणावा आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. ही दोन अंतरे सारखी भरली तर फ्रेम सरळ असते. दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर ती एका बाजूला वाकलेली असते, आणि अशी सायकल एका बाजूला ओढते व टायर लवकर खाते. पोलादी नळ्यांची फ्रेम तडकली तर तिला जोड देणारा कारागीर गावोगाव भेटतो, परंतु अॅल्युमिनियमच्या फ्रेमला विश्वासार्ह जोड देणे अवघड असल्याने तिच्यावरचा तडा म्हणजे सायकलचा शेवटच समजावा.

त्यानंतर चाके पाहावीत. भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या अठ्ठावीस इंची दांडीच्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, कारण स्वार आणि कॅरिअरवरचे ओझे यांचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकचा रबर व रिम यांच्यातील फट पाहावी. ती फट कमी-जास्त होत असेल तर रिमला ‘आउट’ आहे, म्हणजे ती डावी-उजवीकडे लहरते, आणि थोडा आउट तारा कसून निघतो, पण रिमला खोल चेप असेल किंवा तारांच्या भोकांजवळ गंजाने पत्रा पातळ झाला असेल तर नवी रिमच घालावी लागते. जबलपूरच्या दमदार पावसाळ्यात रिम कोणत्या धातूची आहे हेही महत्त्वाचे ठरते, कारण ओल्या पोलादी रिमवर रबरी ब्रेकची पकड फारच कमी होते. पावसात रोज भरधाव वाहनांमधून जायचे असेल तर अॅल्युमिनियमची रिम असलेल्या सायकलीला थोडे अधिक पैसे द्यायला हरकत नाही.

चेनची झीज मोजायलाही पट्टीच पुरते. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवल्यास बारा इंचांची खूण दुसऱ्या एका पिनेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. ती पिन खुणेच्या एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी, आणि एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरील दात्यांचे चक्र, आणि बहुधा पेडलजवळचे मोठे चक्रही झिजलेले असते, त्यामुळे तिन्हींचा खर्च धरावा. पेडलचा दांडा हातात धरून आडवा हलवल्यास तो डगमगत असेल तर आतील छर्रे किंवा त्यांना धरणारे कोन खराब आहेत असे समजावे. दांडा घट्ट बसवणारी कॉटर पिन झिजली असेल तर पेडल मारताना ठराविक जागी ‘टक’ असा आवाज येतो, आणि हे दोन्ही दोष थोड्या खर्चात निघतात.

सायकल स्वाराच्या मापाची असणे हाही किमतीचाच भाग आहे, कारण मापात न बसणारी सायकल गुडघे आणि कंबर दुखवते व काही महिन्यांत कोपऱ्यात पडते. वरची दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यामध्ये एक-दोन इंच जागा उरावी, आणि सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवल्यास गुडघा सरळ व्हावा. गिअर आणि शॉकअप असलेल्या स्वस्त सायकली दिसायला आकर्षक असतात, परंतु त्यांत बिघडणारे भाग अधिक, वजन अधिक आणि सुटे भाग मिळणे अवघड असते. याउलट समोर ४४ आणि मागे १८ दाते असलेल्या साध्या सायकलीत पेडलच्या एका फेऱ्यात चाक पाच मीटरहून थोडे अधिक पुढे जाते आणि सपाट रस्त्यावर मिनिटाला साठ फेरे मारल्यास ताशी एकोणीस किलोमीटरचा वेग मिळतो, जो कामावर जाण्यासाठी पुरेसा आहे.

आता हिशेब. मागितलेल्या किमतीत टायर, चेन, ब्रेकचे रबर, ग्रीस भरून ओव्हरहॉलिंग करण्याची मजुरी आणि कुलूप यांची बेरीज करावी आणि ती त्याच प्रकारच्या नव्या सायकलीच्या किमतीशी ताडून पाहावी; बेरीज निम्म्याच्या आसपास राहिली तर सौदा चांगला, दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर नवीच घेणे शहाणपणाचे. या तुलनेत एक ताजा बदल ध्यानात ठेवायला हवा: सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, म्हणजे करापूर्वी ५,००० रुपये किंमत असलेली सायकल ५,६०० ऐवजी ५,२५० रुपयांना पडते, आणि जुन्या सायकलीचा भावही त्या प्रमाणात उतरला पाहिजे.

जुनी सायकल मिळण्याच्या जागा अनेक आहेत: मोटारसायकल घेतल्यावर सायकल पडून राहिलेली कुटुंबे, वस्तीतील दुरुस्तीची दुकाने, आणि जबलपुरात जुन्या मालासाठी ओळखला जाणारा गुरंदी बाजार. यांपैकी दुरुस्तीवाल्याकडून घेतलेल्या सायकलीचा विशेष लाभ असा की पुढची तक्रार ऐकणारा माणूस रोजच्या वाटेवर असतो. सायकलला मोटारीसारखे नोंदणीपुस्तक नसते, म्हणून मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सीटच्या नळीवर किंवा पेडलच्या आसाखाली ठोकलेला फ्रेम क्रमांक, विक्रेत्याचे नाव, पत्ता, सही आणि तारीख असलेली पावती अवश्य घ्यावी. क्रमांक घासून काढलेला असेल तर ती सायकल सोडून द्यावी, कारण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

सायकल घरी आल्यावर पहिला खर्च ब्रेक आणि टायरवर, दुसरा मागच्या लाल रिफ्लेक्टरवर व पुढच्या दिव्यावर आणि त्यानंतरच सोयीच्या गोष्टींवर करावा, कारण पहाटेच्या किंवा रात्रीच्या पाळीला निघालेला कामगार इतर वाहनचालकांना दिसणे हे त्याच्या सायकलीच्या वेगापेक्षा अधिक मोलाचे आहे. पगारातून प्रवासखर्च आधी बाजूला काढावा लागणाऱ्या घरात अशी पारखून घेतलेली सायकल दर महिन्याला खरी बचत करते, आणि म्हणूनच पट्टी, दोरा आणि अर्ध्या तासाचा धीर यांच्यावाचून जुन्या सायकलीचा सौदा कधीही पक्का करू नये.