कुशल विचारण्याची इंग्रजी रीत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, भाची किंवा नातू आज इंग्लंड-अमेरिकेंत नाहीं तर ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेला आहे. त्यामुळें ज्या वडील मंडळींना इंग्रजी बोलण्याचा प्रसंग पूर्वीं कचेरींतच काय तो येई, त्यांना तो आतां घरच्या बैठकींत येतो. मुलाकडे गेलें असतां नातवाच्या शाळेंतल्या बाई भेटतात, शेजारचें जोडपें दारांत येऊन उभें राहतें, परदेशी व्याह्यांशीं व्हिडिओ कॉलवर बोलावें लागतें. या मंडळींचें इंग्रजी वाईट असतें असें मुळींच नाहीं. शेक्सपिअरचीं नाटकें वाचलेलीं असतात, सरकारी पत्रव्यवहारांत सारी उमेद गेलेली असते. तरीहि भेटीच्या पहिल्या दोन मिनिटांत आणि शेवटच्या पांच मिनिटांत गाडी अडते. मधला मार्ग सुरळीत जातो. आमच्या मतें याचें कारण असें, कीं भेटतांना व निरोप घेतांना इंग्रज मनुष्य जें बोलतो त्याचा शब्दार्थ पाहावयाचा नसतो. दोघांमधलें अंतर किती ठेवावयाचें, याचें तें माप असतें.

‘हाउ डू यू डू?’ हाच मासला घ्या. शेवटीं प्रश्नचिन्ह आहे, पण हा प्रश्न नव्हे. याचें उत्तर पुन्हां ‘हाउ डू यू डू?’ असेंच द्यावयाचें असतें, आणि तेंहि नव्यानें ओळख होतांना एकदांच. ज्यानें यास प्रश्न समजून आपला मधुमेह, गुडघेदुखी व गेल्या महिन्यांतलें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म यांचा वृत्तांत सुरू केला, त्याच्याकडे समोरचा मनुष्य सौजन्यानें पाहत राहील, पण घड्याळाकडेहि पाहील. हल्लीं हें वाक्य मागें पडत चाललें असून फार औपचारिक प्रसंगींच ऐकूं येतें. त्याची जागा ‘हाउ आर यू?’नें घेतली आहे. तें ओळखीच्या माणसाला रोज विचारतां येतें, व ‘व्हेरी वेल, थँक यू, अँड यू?’ एवढें उत्तर त्यास पुरतें. प्रकृति खरोखरच बिघडलेली असली तरी पहिलें उत्तर बहुधा असेंच थोडक्यांत द्यावें. खरा जिव्हाळा असला तर तोच मनुष्य जरा थांबून, आवाज खालीं आणून, पुन्हां विचारतो. मनांतलें सांगावयाचें तें त्या वेळीं. ‘प्लीज्ड टु मीट यू’ या निरुपद्रवी वाक्यानेंहि एके काळीं वाद माजविला होता. शिष्टाचारावरील आपल्या प्रसिद्ध अमेरिकन ग्रंथांत एमिली पोस्ट यांनीं १९२२ सालीं ‘हाउ डू यू डू’खेरीज दुसरें कांहींच शिष्ट समाजास चालत नाहीं असें ठासून लिहिलें. आज तें वाक्य सर्रास चालतें, आणि वाचकांनीं तें खुशाल वापरावें.

निरर्थक दिसणाऱ्या या बोलण्याचा शास्त्रीय विचारहि झालेला आहे. पॅसिफिक महासागरांतील ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आलेले पोलिश मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनीं १९२३ सालीं त्यास ‘फॅटिक कम्युनियन’ असें नांव दिलें. नुसत्या शब्दांच्या देवघेवीनेंच माणसामाणसांत बंध जुळतो, अर्थ तेथें गौण असतो, असा त्यांचा आशय. आपणांस यांत नवल वाटूं नये. ‘काय, कोणीकडे?’ असें आपण आळींतल्या माणसाला विचारतों, तेव्हां त्याच्या प्रवासाची चौकशी कोठें करीत असतों? ‘हा काय, इकडेच’ या उत्तरानें दोघांचेंहि समाधान होतें. पण हेंच वाक्य इंग्रजींत घालून ‘व्हेअर आर यू गोइंग?’ असें शेजाऱ्यास विचारलें, कीं तो बिचकतो. आपल्यावर पाळत आहे कीं काय असें त्यास वाटतें. ‘जेवण झालें का?’ याचीहि तीच गत. तेथें तें जेवणाचें आमंत्रण ठरण्याचा संभव. म्हणून अशा वेळीं इंग्रज हवेचा विषय काढतो. त्या विषयाची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण हवा ही दोघांची सारखीच असते आणि तींत कोणाच्या घरची गोष्ट निघत नाहीं, ही केवढी सोय!

बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा तिसरा अंक या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. तें लंडनच्या रंगभूमीवर १९१४ सालीं आलें, आणि पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ करून तें आपल्या घरचें केलें. फुलें विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर हिगिन्स शुद्ध उच्चार शिकवितो, आणि हवा व प्रकृति या दोन विषयांपलीकडे जाऊं नकोस असें बजावून आपल्या आईच्या घरीं जमलेल्या पाहुण्यांत सोडतो. तिचें ‘हाउ डू यू डू?’ अगदीं निर्दोष उतरतें. घोटाळा होतो तो त्यानंतर. पाऊस येईलसें वाटतें का, असें यजमानीणबाई सहज विचारतात, तर ही वेधशाळेचें पत्रक वाचावें तसा सविस्तर अंदाज ऐकविते. पुढें प्रकृतीचा विषय निघतो आणि तींतून आपल्या मावशीच्या मरणाची संशयास्पद हकीकत बाहेर पडते. उच्चार शेवटपर्यंत चोख! शिकविलेला एकहि नियम तिनें मोडलेला नसतो. बोलणें किती खोल न्यावयाचें, एवढेंच तिला कोणीं शिकविलेलें नसतें.

आतां हें अंतर मोजावयाचें कशानें? आपल्याकडे तें काम तूं, तुम्ही, आपण हीं सर्वनामें करतात, व त्यांच्या जोडीला काका, मावशी, वहिनी, दादा हीं नातीं असतात. इंग्रजींतहि पूर्वीं ‘दाउ’ म्हणजे तूं होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो शिष्ट बोलण्यांतून उठला, आणि ‘यू’ हें मूळचें बहुवचन सर्वांनाच लागूं झालें. इंग्रज आतां आपल्या कुत्र्यालाहि तुम्हीच म्हणतो. त्याच शतकांत जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर अनुयायांनीं राजा-रंक सर्वांस सारखेंच ‘दाउ’ म्हणण्याचा, कोणापुढेंहि टोपी न काढण्याचा, इतकेंच काय, ‘गुड मॉरो’सुद्धां न म्हणण्याचा नेम धरला, आणि त्यापायीं मार खाल्ला. एका सर्वनामासाठीं लोक मार खातात, यावरून हा विषय वाटतो तितका वरवरचा नाहीं हें दिसेल.

सर्वनाम गेल्यावर सारा भार नांवावर पडला. मिस्टर, मिसेस, डॉक्टर हीं आडनांवाच्या मागें लागतात. ‘मिस्टर माधव’ असें होत नाहीं. उलट ‘सर’ हा किताब पहिल्या नांवाला. विन्स्टन चर्चिल यांना १९५३ सालीं तो मिळाला तेव्हां ते ‘सर विन्स्टन’ झाले, ‘सर चर्चिल’ नव्हेत. आपल्या शाळांतला ‘जोशी सर’ हा प्रयोग अस्सल आपला. तिकडे तो कोणास कळणार नाहीं. परक्या माणसास ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणण्याचा आपला प्रेमळ परिपाठहि तिकडे सरसकट चालत नाहीं, आणि ‘कझिन ब्रदर’ हा शब्द तर आपल्याच कारखान्यांत तयार झालेला आहे.

येथें एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. परदेशांतली नवी सून पहिल्याच बोलण्यांत सासऱ्यांना नुसत्या नांवानें हांक मारते, आणि घरांत एकदम शांतता पसरते. आजी पदर सांवरतात, धाकटे दीर हसूं दाबतात. त्या मुलीच्या बाजूनें पाहिलें तर तिनें आपणांस जवळ घेतलें आहे. तिच्या समाजांत आडनांवानें बोलणें म्हणजे दाराबाहेर उभें करणें. अशा वेळीं मनांत राग धरून बसण्यापेक्षां, ‘आमच्या घरीं मला सारे नाना म्हणतात, तूंहि म्हण’ असें सासऱ्यांनींच सांगावें. तिला तें आवडेल. कोणास काय म्हणावें हें ज्याचें त्यानें सांगण्याची तिकडे रीतच आहे. आपण मात्र समोरच्यानें सांगितल्याशिवाय वडीलधाऱ्या परक्यास पहिल्या नांवानें संबोधूं नये.

ओळख करून देण्याच्या रीतींत फारशी गुंतागुंत नाहीं. मान ज्याचा मोठा त्याचें नांव आधीं घ्यावयाचें, आणि धाकट्याला त्याच्यापुढें आणावयाचें: ‘मिसेस स्मिथ, मे आय इंट्रोड्यूस माय नेफ्यू?’ घरगुती बैठकींत ‘धिस इज माय नेफ्यू’ पुरे. मात्र नांवाबरोबर माणसाविषयीं दोन शब्द सांगावे, म्हणजे बोलणें सुरू होण्यास कांहीं धागा मिळतो. स्वतःची ओळख देतांना ‘मायसेल्फ अमुक’ म्हणणें साफ चूक. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणावें. ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ हें शुभनामाचें भाषांतर गोड आहे खरें, पण आधीं आपलें नांव सांगितलें म्हणजे समोरचा आपलें नांव आपण होऊन सांगतो. हात पुढें करण्याचा मान जुन्या रीतीप्रमाणें वडील माणसाचा किंवा स्त्रीचा असे. आतां कोणीहि करतो. ज्या आमच्या भगिनींना हस्तांदोलन रुचत नाहीं त्यांनीं हंसून नमस्कार करावा. करोनाच्या सांथीच्या आरंभीं, मार्च २०२० मध्यें, तेव्हांचे युवराज चार्ल्स यांनीं लंडनमध्यें पाहुण्यांना हात जोडल्याचें साऱ्या जगानें पाहिलेंच आहे.

वेळेच्या अभिवादनांतला एकच सांपळा सांगतों. ‘गुड ईव्हनिंग’ हें येतांनाचें आणि ‘गुड नाइट’ हें जातांनाचें; रात्रीं नऊला पोंचलांत तरी दारांत ‘गुड नाइट’ म्हणूं नये, यजमान गोंधळेल. ‘हॅलो’ची कथा मौजेची आहे. टेलिफोन उचलल्यावर काय म्हणावें हा प्रश्न निघाला तेव्हां त्याचे जनक बेल यांना खलाशांची ‘अहॉय’ ही आरोळी पसंत होती; एडिसन यांनीं १८७७ सालीं एका पत्रांत ‘हॅलो’ सुचविलें. मुंबईंत टेलिफोन आला तो १८८२ सालीं, आणि त्याबरोबर हा शब्द मराठींतहि असा मुरला कीं आतां तो परका वाटत नाहीं.

निरोपाचा भाग सर्वांत कठीण. आपण ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतों. आणि उंबऱ्याशीं उभें राहून खऱ्या गोष्टी तेथेंच बोलतों. कुंकू लावणें होतें, पिशवींत कांहीं तरी घातलें जातें, चपला पायांत घालून अर्धा तास जातो. ‘येतों’चें शब्दशः इंग्रजी करूं नये, कारण तुम्ही परत येणार म्हणून यजमान दार उघडें ठेवील. ‘गुड बाय’ मध्येंहि मूळ आशीर्वादच आहे: ‘गॉड बी विथ यू’ हें सोळाव्या शतकांत झिजत झिजत त्या रूपास आलें, आणि ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ यांच्या संगतीनें त्यांतला ‘गॉड’ जाऊन ‘गुड’ झाला. पण त्या शब्दाची वेळ येण्याआधीं सूचना द्यावी लागते. ‘वेल, आय मस्ट बी गोइंग’ असें म्हणावें, दोन-चार वाक्यें आणखी बोलावीं, आणि मग उठावें. ‘इतक्यांत निघालांत?’ अशा अर्थाचें यजमान कांहीं म्हणतोच. तो आग्रह आपल्या आग्रहासारखा नव्हे, त्यावर पुन्हां बसूं नये.

‘सी यू लेटर’ म्हणणारा संध्याकाळीं येणार नसतो. ‘यू मस्ट कम सम टाइम’ हें वाक्य तर आमच्या किती तरी सरळ मनाच्या मंडळींना फसवितें. तें ऐकून रविवारीं सहकुटुंब जाऊन उभें राहावें, तर यजमान कोट चढवून बाहेर निघालेला! येणें खरें हवें असलें म्हणजे तिकडे वार आणि वेळ सांगतात. वार सांगितला तर तो टिपून ठेवावा, ठरल्या वेळेपूर्वीं पोंचूं नये, पांच-दहा मिनिटें उशीर चालतो. आणि जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशीं चार ओळी अवश्य धाडाव्या. हल्लीं मोबाइलवर धाडल्या तरी त्या गोड मानून घेतात. जेवणांतल्या एखाद्या पदार्थाचें नांव त्यांत घ्यावें, म्हणजे मजकूर छापील वाटत नाहीं.