बोंबलाचे जीवनशास्त्र : एस्. व्ही. बापट यांचे संशोधनकार्य

ठाणे जिल्ह्यातील उत्तन, पाली व चौक या कोळीवस्त्यांत मोसमात वलांडींवर वाळत घातलेले बोंबील दृष्टीस पडतात. ताज्या बोंबलाच्या शरीरात सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे तो फार लवकर खराब होतो, आणि म्हणूनच त्यास वाळविण्याची प्रथा पडली. या माशाचे शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या मुखाकडील नमुन्यांवरून केले. त्याचा प्रसारही विलक्षण आहे. महाराष्ट्राचा उत्तर किनारा व गुजरात येथे तो विपुल सापडतो, दक्षिणेकडे जवळजवळ नाहीसा होतो, आणि पूर्वेस बंगालच्या किनाऱ्यावर पुन्हा आढळतो.

इतका परिचित मासा खातो काय, वाढतो कसा, आणि त्याची किती पकड समुद्रास सोसेल, या प्रश्नांची उत्तरे केवळ पकडीच्या वजनावरून मिळत नाहीत. ती शोधणाऱ्यांत एस्. व्ही. बापट यांचे नाव अग्रगण्य आहे. डी. व्ही. बाळ यांच्यासमवेत त्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरील माशांच्या पिलांच्या आहारावर १९५० व १९५२ साली निबंध प्रसिद्ध केले. मधल्या १९५१ साली बापट, बॅनर्जी व बाळ या तिघांचा बोंबलाच्या जीवनशास्त्रावरील निबंध प्रकाशित झाला.

अशा अभ्यासाची रीत वरकरणी साधी, परंतु चिकाटीची असते. दर महिन्यास पकडीतील मासे मोजावयाचे, त्यांचे जठर उघडून आतील जीव ओळखावयाचे, आणि जननग्रंथींची अवस्था नोंदवावयाची. उष्ण कटिबंधात ऋतूंमधील फरक थंड देशांइतका तीव्र नसल्याने खवल्यांवरील वलयांवरून वय ठरविणे भरवशाचे नसते. म्हणून शेकडो माशांच्या लांबीच्या नोंदी मांडून, एकाच पिढीचे मासे महिनोगणती कसे वाढत जातात, हे पाहावे लागते. बोंबील हा भक्षक मासा आहे. त्याचे तोंड मोठे असून दात आत वळलेले असतात. जवळा व इतर लहान कोळंबी, मांदेलीसारखे मासे, इतकेच नव्हे तर स्वतःच्याच जातीची पिलेही तो गिळतो. मात्र जाळ्यात कोंडलेला मासा शेजारच्या जिवासही गिळू शकतो. तेव्हा जठरातील प्रत्येक घास हा नैसर्गिक आहार समजणे धोक्याचे ठरते.

पुढे बापट यांचे संशोधन पूर्वेकडे वळले. मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर येथील माशांची तरंगती अंडी व डिंभ यांवरील त्यांचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. १९७० साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांची बोंबलावरील स्वतंत्र पुस्तिका आपल्या ग्रंथमालेत एकविसाव्या क्रमांकाने काढली. १९७६ च्या कायद्याने भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत विस्तारले. त्यानंतर १९८२ साली वायव्य किनाऱ्याच्या या क्षेत्रातील मत्स्यसंपत्तीवर बापट व त्यांच्या सहकाऱ्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. माशाच्या पिलाच्या जठरापासून आरंभलेला अभ्यास अशा प्रकारे अवघ्या समुद्रक्षेत्राच्या मोजदादीपर्यंत पोहोचला.

या ज्ञानाचे व्यावहारिक मोल डोल जाळ्याच्या प्रश्नात स्पष्ट होते. डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्रात एका जागी पक्के बांधलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्यात लोटतो. म्हणून उधाणाच्या दिवसांत त्याचे काम जोरात चालते व भांगाच्या दिवसांत मंदावते. हे जाळे माशाचा पाठलाग करीत नाही, तसेच निवडही करीत नाही. जवळा मुळातच बारीक असल्यामुळे त्याच्यासाठी शेवटचा आस बारीक ठेवावा लागतो, आणि त्याच आसात बोंबलाची पिलेही अडकतात. आस मोठा केल्यास पिले सुटतील, परंतु जवळाही निसटेल व कोळ्याच्या उत्पन्नास तूट येईल. ज्याच्यासाठी जाळे बारीक ठेवावयाचे, तो जवळा बोंबलाचेच अन्न आहे, हे जठरपरीक्षेने दाखविले. म्हणजे एकच जाळे भक्षक व भक्ष्य या दोहोंची एकदम पकड करते.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी पकडीयोग्य किमान लांबी ठरवून दिली. बोंबलासाठी ती १८० मिलिमीटर आहे. परंतु नाजूक बोंबील जाळ्यातून वर येईपर्यंत बहुधा मेलेला असतो. बंदरावर पट्टी लावून लहान ठरलेला मासा पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून पिले कोणत्या महिन्यांत व कोणत्या खोलीवर अधिक असतात, हे जाणून जाळे टाकण्याची जागा व काळ ठरविणे अधिक फलदायी होय. त्यासाठी बापट यांच्या पिढीने आरंभिलेल्या मोजणीची नोंदवही प्रत्येक मोसमात अखंड चालू राहिली पाहिजे.